इर्माताईच्या प्रवासाची रंगीत तालीम

कालोस्सो,
जूनचा शेवटचा रविवार

वयाने, मानाने आणि आवाजानेही मोठ्या असलेल्या इर्माताईस,

धाकट्या भावाचा, सेकोंदोचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, रक्तदाब कसा आहे आणि सून कशी आहे, हे तिन्ही वेगवेगळं कळव. मागच्या पत्रात तू तिन्ही एका वाक्यात 'चढउतार चालू आहेत' म्हणून आटोपलंस, त्यामुळे नक्की कोण चढलंय ते कळलं नाही. इकडे मी ठणठणीत आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, ते तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. तुझं वय झालं, ताई. (माझ्यापेक्षा जास्त झालं, हे मी म्हणत नाही, माझं नावच म्हणतं. आईबाबांनी तुला नाव दिलं आणि मला नुसता नंबर, सेकोंदो म्हणजे 'दुसरा'. चौऱ्याहत्तर वर्षं मी हा नंबर घेऊन रांगेत उभा आहे.)

तर तुझ्या प्रवासाबद्दल. तू लिहिलंस, ऑक्टोबरमध्ये येते, तिकडे अर्जेंटिनात मेन्दोसाहून निघताना नात विमानात बसवून देईल, पण उतरल्यावर मला घरी नेऊन गादीवर निजवू नका; मला सेकोंदोच्या गाडीत घाला. कालोस्सोहून निघायचं, टेकड्यांच्या माथ्यामाथ्याने, द्राक्षमळ्यांतून, एकेका गावात थांबत थांबत ला मोर्राच्या चौकापर्यंत जायचं, जिथे बाबांनी पिंपं पोचवायला जाताना आपल्या दोघांना ट्रकमध्ये घालून नेलं होतं. प्रत्येक गावात एक चर्च, एक बाक आणि एक पेला पाहिजे. घाई नको. गाडी सेकोंदोच चालवेल. हे शेवटचं वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंस. मी ते पत्र पोस्टमनसमोरच मोठ्याने वाचून घेतलं, म्हणजे पोस्टमनकडूनच वाचून घेतलं, कारण त्या वेळी माझे हात पिठात होते.

त्या दिवसापासून मी आखणीला लागलो. अख्खा हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. जेवताना मी तो काढायचो नाही, ताट त्याच्यावरच ठेवायचो. त्यामुळे बार्बारेस्कोच्या पूर्वेला ऑलिव्ह तेलाचं एक तळं झालं आहे आणि त्रेइझोजवळ टोमॅटोचा एक डोंगर. बाहेर बर्फ, आत चूल, आणि माझं बोट टेकडीवरून टेकडीवर चाललेलं. खरं सांगू ताई, त्या बोटाने जो प्रवास केला तो कुठल्या राजानेही केला नसेल. एका वळणावर मोस्कातोचे मळे फुलायचे, दुसऱ्या वळणावर तेच मळे ऑक्टोबरचे तांबडे व्हायचे, एखाद्या ओट्यावर बसून कुणीतरी हेझलनट फोडत असायचं, आणि तू मागच्या सीटवरून म्हणायचीस, सेकोंदो, जरा थांबव. मी थांबवायचो. मग कधी कधी डोकं टेबलावर टेकून तिथेच झोप लागायची आणि सकाळी कपाळावर ताटाच्या कडेचा वळ असायचा.

एक अडचण होती. हल्लीचे नकाशेवाले गावांची नावं चिलटाएवढ्या अक्षरांत छापतात. (शाई वाचवत असतील. सगळीकडे हेच चाललंय, औषधाच्या बाटलीवर तर हल्ली काहीच छापत नाहीत.) म्हणून मला खालच्या मजल्यावरच्या देल्फीनाबाईंना वर बोलवावं लागलं. तुला त्या आठवायच्या नाहीत. तू समुद्रापलीकडे गेलीस त्यानंतर त्या सून होऊन आपल्या गावात आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, तोही अशा वेगात की पाद्रीबाबांचा आशीर्वाद अर्ध्यावर असतो आणि आमचं 'आमेन' झालेलं असतं. त्या रोज संध्याकाळी चष्मा लावून यायच्या आणि नकाशावरची नावं वाचायच्या, मी बोट फिरवायचो. वाचता वाचता मतं द्यायच्या. नेइवेला चढ फार आहे. बार्बारेस्कोला भाव फार आहे. ला मोर्राचे लोक आपल्या गोड मोस्कातो वाइनला सरबत म्हणतात, त्यांच्याकडे पाणीसुद्धा मागू नका. मी म्हटलं, बाई, मी मार्ग विचारला, प्रवचन नाही. त्या म्हणाल्या, "एवढं आहे तर स्वतः वाचा." मी विषय बदलला.

मार्च संपला तेव्हा मार्ग ठरला. पण ताई, तू समुद्र ओलांडून येणार आणि मी तुला नुसत्या बोटाच्या भरवशावर नेणार, हे मनाला पटेना. म्हटलं, एकदा रंगीत तालीम करू. देल्फीनाबाई म्हणाल्या, मी येते, तुम्हाला एकट्याला मी फाटकापर्यंतसुद्धा जाऊ देणार नाही. (अशा बोलण्याचा मी राग मानत नाही. संगीताची माणसं तापट असतात.) आणि गेल्या गुरुवारी सकाळी माझी जुनी हिरवी गाडी, एक पाव, एक सलामी, आम्ही दोघं आणि माझ्या मांडीवर तो तेलकट नकाशा, असे निघालो.

कालोस्सोचा उतार संपतो न संपतो तोच धुकं. जूनमध्ये. हवामान किती बिघडलंय याची तुला तिकडे कल्पना नसेल. सगळ्या टेकड्यांवर दुधावर साय धरावी तसं पांढुरकं काहीतरी. मळ्यांच्या रांगा कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. मधेच एखादं घर पिवळ्या डागासारखं वर यायचं, थोडा वेळ आपल्याबरोबर चालायचं आणि विरघळून जायचं. सायप्रसची झाडं दिसायची नाहीत, त्यांच्या जागी हिरव्या सावल्या झुलायच्या. सूर्यसुद्धा होता, पण लोण्याच्या गोळ्यासारखा, कडा नसलेला. ताई, खोटं वाटेल, पण मी गाडीत बसून नुसता बघत राहिलो. इतकी वर्षं या टेकड्यांत काढली, पाठीवर औषधाचा पंप घेऊन फिरलो, त्या कधी सुंदर वाटल्या नाहीत, नुसत्या चढाच्या वाटल्या. त्या दिवशी मात्र वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय आणि ते माणूस अजून उठलेलं नाही. मी देल्फीनाबाईंना म्हटलं, काय धुकं आहे. त्या काळा गॉगल लावून समोर बघत होत्या.

नेइवेच्या फाट्यावर मी म्हणत होतो डावीकडे, त्या म्हणत होत्या उजवीकडे, आणि गाडी सरळ गेली. एका कोंबड्यांच्या खुराड्यापाशी रस्ता संपला. तिथून परत फिरून नेइवेत पोचलो. चौकात उतरतो तर समोर गास्पारे. माझ्याबरोबर सैन्यात होता तो गास्पारे, तेच खांदे, तीच टोपी. मी धावत जाऊन मिठी मारली. त्यानेही मारली. मी त्याला सगळं सांगितलं, माझी बायको गेली, मुलगी मारीसा तोरिनोला असते, गुडघे असे झालेत, तू एकदाही पत्र नाही पाठवलंस, नालायका. तो नुसता हसायचा आणि मान डोलवायचा. मला वाटलं, झटका येऊन बिचाऱ्याची वाचा गेली. माझे डोळे भरून आले. मी त्याचे दोन्ही गाल धरून म्हटलं, काळजी करू नकोस, मला सगळं कळतं. तेवढ्यात त्याची बायको आली आणि दोघं आपापसात कुठल्यातरी खरखरीत भाषेत बोलू लागली. देल्फीनाबाईंनी मला बाजूला ओढून सांगितलं की हे गृहस्थ हॉलंडचे आहेत. मी म्हटलं, मग त्याने मिठी का मारली? बाई म्हणाल्या, "त्यांना वाटलं असेल, इथली पद्धत आहे." निघताना त्या माणसाने पुन्हा मिठी मारली, आणि मागून त्याच्या बायकोने आणि त्यांच्या बसमधल्या आणखी चौघांनी. नेइवेत बाक बरा आहे, सावलीत आहे. तुझ्यासाठी मी तो पक्का केला.

बार्बारेस्कोचा बुरूज त्या दिवशी नव्हता. देल्फीनाबाई म्हणाल्या, आहे. मी म्हटलं, असेल. एवढं धुकं असताना मी वाद घालत नाही. तिथल्या एका तळघरात पाहुणे वाइन चाखत होते. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, गुळण्या करायच्या आणि भांड्यात थुंकायची. आपले आजोबा हे बघून पुन्हा वारले असते. मी प्रत्येक घोट गिळला, यजमानांचा मान ठेवला, आणि शेवटी टेबलावरची मोठी काचेची सुरई उचलली तर देल्फीनाबाईंनी माझ्या मनगटावर फटका मारला. ती थुंकायची सुरई होती म्हणे. मग ती इतकी सुंदर कशाला करतात, हे मला कुणी सांगितलं नाही.

दुपारी त्रेइझो. भूक लागलेली. नकाशावर माझ्या टोमॅटोच्या डोंगराच्या पायथ्याशी देल्फीनाबाईंनी एका खानावळीची खूण केलेली होती, अंगणात झाड असलेली. आणि खरंच, एका अंगणात मोठं झाड, त्याखाली लांबच लांब टेबल, पांढरी चादर, माणसं बसलेली. आम्ही कडेच्या दोन खुर्च्या धरल्या. लगेच हॅम आलं, अँकोव्ही मासळीच्या हिरव्या चटणीतल्या मिरच्या आल्या, मग बोटाच्या चिमटीने मुडपलेल्या त्या आपल्या बारीक करंज्या, आन्योलोत्ती, आईच्या हातच्यासारख्या, ताई, अगदी तशाच. मी म्हटलं, इथे इर्माताईला आणायचंच. शेजारचे म्हातारे गृहस्थ मला म्हणाले,

"तुम्ही मुलाकडचे का?"

"आम्ही कालोस्सोचे."

"म्हणजे सूनबाईकडचे. तरीच एवढं खाताय. तिकडे जेवण मिळत नाही म्हणतात."

"जेवण मिळतं, आजोबा. असे टोमणे मिळत नाहीत."

ते इतके हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं. त्यानंतर आमची अशी मैत्री झाली की त्यांनी माझा पेला रिकामा राहू दिला नाही. तिसरा पदार्थ येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की इथे कुणीच काही मागवत नाहीये. ते बारसं होतं. सकाळी चर्चमध्ये बाळाला नाव दिलं होतं आणि हे त्याचं जेवण. उठून जावं तर समोर ससा शिजवलेला. इतक्यात त्या आजोबांनी चमचा वाजवून जाहीर केलं की सूनबाईकडचे वडीलधारे चार शब्द बोलतील.

मी उभा राहिलो. (तू असतीस तर काय केलं असतंस? बसली असतीस, हे मला माहीत आहे. मला जमलं नाही.) मी सांगितलं की घर मोठं नसलं तरी चालतं, टेबल मोठं पाहिजे. वाटेवरून येणाऱ्याला खुर्ची ओढून देणारं घर ज्या पोराला मिळालं त्याला दुसऱ्या आशीर्वादाची गरज नाही. लोक गंभीर झाले. एक बाई डोळे पुसू लागली. मग मी झाडाच्या सावलीतल्या बाबागाडीवर वाकलो, जाळी जरा बाजूला केली, हळूच गालावर हात फिरवला आणि म्हटलं, "काय तुकतुकीत आहे, आजोबांवर गेलंय." सगळं अंगण हसू लागलं. बाळ आईच्या कडेवर होतं. बाबागाडीत त्यांनी कलिंगड गार ठेवलं होतं. आजोबांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, असा गमत्या माणूस सोयऱ्यांत असायला हवा होता, इतके दिवस कुठे लपवून ठेवला होता. मग देल्फीनाबाईंनी त्यांच्या घरातला जुना पियानो वाजवला, पोरं नाचली, आणि निघताना आम्हाला अर्धा हेझलनटचा केक बांधून मिळाला. आम्ही खरे कोण, हे सांगायची वेळच आली नाही. ऑक्टोबरमध्ये तू आलीस की आपण तिघं जाऊ. आता ते सोयरे आहेत.

ला मोर्राला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. गाव उंचावर आहे, आठवतं ना, चौकाच्या कडेला कठडा आणि त्याखाली सगळा मुलूख. बाबांनी ट्रक तिथेच लावला होता. तू कठड्यावर चढून बसलीस आणि मला गावं दाखवलीस, शाळेत बाई दाखवतात तशी, आणि एकेक नाव माझ्याकडून म्हणवून घेतलंस. पुढल्या वसंतात तू गेलीस. मी कठड्याला धरून उभा राहिलो. धुकं तिथेही होतंच, इथल्या द्राक्षाला नावच धुक्यावरून पडलंय म्हणतात, त्यामुळे मी तक्रार केली नाही. खाली नुसतं सोनेरी पांढरं, हलतंय असं वाटणारं, जसं काही कुणी आत्ताच दरीत फुंकर घातली आहे. मी देल्फीनाबाईंना म्हटलं, बघा, तुम्हाला दाखवतो. हे डावीकडचं ग्रिंझाने. मग हे कास्तिल्योने, त्याच्या पाठीमागे अंग चोरून उभं आहे ते सेर्रालुंगा. इथे पायाशी बारोलो, आणि तिकडे उजवीकडे टेकडीवर मोंफोर्ते. माझं बोट चालत गेलं तसतशी गावं वर येत गेली, ताई. कौलं, घंटाघरं, धूर, सगळं. पिंपांच्या ओल्या लाकडाचा वाससुद्धा आला. देल्फीनाबाई एवढा वेळ गप्प राहू शकतात, हे मला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी फक्त माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, "चला, गार होतंय."

परतीचा रस्ता मला आठवत नाही. मी झोपलो होतो.

तर मार्ग तपासून झाला आहे. चर्च आहेत, बाक आहेत, पेले आहेत. तू निर्धास्त ये. येताना जाड स्वेटर आण, तुझ्याकडची ती मडक्यासारखी लागणारी वाइन आणू नकोस, आणि नातीला माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
दुसरा

ताजा कलम: एक किरकोळ गोष्ट राहिली. उत्तर लिहिशील तेव्हा त्यात आपणहून असं लिही की हल्ली तुला बाईमाणसाने चालवलेल्या गाडीतच बरं वाटतं, पुरुषांनी चालवली की मळमळतं, आणि मेन्दोसाच्या डॉक्टरांनीही तसं सांगितलंय. म्हणजे मी देल्फीनाबाईंना ते पत्र दाखवीन, कुरकुर करीन आणि तुझ्या तब्येतीखातर शेजारी बसेन. हे मी सुचवलं, असं कुठे येऊ देऊ नकोस. मी गाडी चालवणार म्हणून तू वाट बघत असशील, ते माझ्या लक्षात आहे. पण धुक्यात माणसाने हट्ट करू नये.

दुसरा ताजा कलम: पाकीट चिकटवायला देल्फीनाबाईंकडे देतो आहे. त्यांनाही तुला नमस्कार लिहायचा आहे म्हणे, म्हणून कोपरा सोडला आहे.

आदरणीय इर्माताई, मी देल्फीना. आपण भेटलो नाही, पण तुमच्याविषयी मी रोज ऐकते. वरचं सगळं मी वाचलं. जागा थोडी आहे म्हणून बारीक अक्षरात लिहिते. गुरुवारी धुकं नव्हतं. आभाळ स्वच्छ निळं होतं, ला मोर्राला मागे वळलं तर आल्प्सवरचं बर्फसुद्धा दिसत होतं. या गृहस्थांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. गाडी जाताना मी चालवली आणि येतानाही मीच. यांचं लायसन्स वसंतातच गेलं. तपासणीत फळ्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर दाखवून विचारलं, हे काय, तर म्हणाले, बहुतेक बैल. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन छोटं आहे, त्याच दिवशी घरी. दोनदा तारीख मिळाली. एकदा हे छाटणीला गेले, ज्या मळ्यात यांना कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्यांदा पलंगाखाली सापडले. म्हणतात, डोळ्यावर सुरी चालवून घ्यायला मी काय कांदा आहे? मारीसा फोनवर रडली, तरी नाही. त्रेइझोच्या खानावळीची पाटी रस्त्यापलीकडे माझ्या उंचीएवढी होती, पण मी बोलले नाही, कारण हे बसले होते आणि खूश होते. आणि आन्योलोत्ती आल्या होत्या. ला मोर्राला यांनी बोट दाखवलं तिथे तिथे ते ते गाव होतं. एकही चुकलं नाही. यांना त्यातलं एकही दिसत नव्हतं. ताई, हे जगात फक्त तुमचं ऐकतात. पुढची तारीख सप्टेंबरची आहे. तुम्ही इतक्या लांबून येताय, तर यांनी तुमचं तोंड नीट पाहावं, एवढीच माझी इच्छा. कडक शब्दांत लिहा. आपली नम्र, देल्फीना.

तिसरा ताजा कलम, माझा: बाईंनी काय लिहिलंय ते पाहायला पाकीट परत मागून घेतलं. अक्षर मुंगीएवढं. खिडकीत नेलं, दिव्याखाली नेलं, ओळी आहेत एवढं कळतं. विचारलं तर म्हणाल्या, मिरच्या भरायची पाककृती आहे. एवढी लांब? पण असेल. ताई, जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं कर, आपलं डोकं चालवू नकोस. बाई या बाबतीत कधी चुकत नाहीत.